सहा फुटांची रिकामी फरशी

घरात योगासनांसाठी जागा करायची म्हणून मी जो काही खटाटोप केला त्यातला निम्मा वेळ प्लंबरची वाट बघण्यात गेला, हे आधीच सांगून टाकते. पांढरे पडदे, कुंडीतला बांबू, कोपऱ्यात पितळी बुद्ध असली खोली ज्यांच्या डोळ्यासमोर आहे त्यांना इथे फार काही मिळणार नाही. आमचं घर सहकारनगरला, १९९३ सालची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन बेडरूम आणि राहणारी माणसं चार, म्हणजे मी, नवरा, बारावीतली लेक आणि सासूबाई. सामान मात्र आठ जणांचं.

सगळं सुरू झालं कंबरेपासून. बँकेत दिवसभर खुर्चीत बसून माझी कंबर इतकी धरली की सकाळी मोजे घालायला पलंगावर बसावं लागायचं, मग एका मैत्रिणीने हाताला धरून क्लासला नेलं. क्लास अय्यंगार पद्धतीचा. पुण्यात राहून दुसरा कुठला लावणार म्हणा, बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ साली पुण्यात आले ते इथलेच झाले, १९७५ला मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली, त्यामुळे आमच्याकडे दर दोन गल्ल्यांमागे त्या परंपरेत शिकलेलं कुणीतरी सापडतंच. आठवड्यातून दोन दिवस जायचे. महिनाभराने मॅडम विचारायला लागल्या, "घरी करता ना?" मी बिनदिक्कत हो म्हणायचे. घरी करायचं कुठे, पलंग आणि कपाटाच्या मधल्या बोळात? तिथे त्रिकोणासन घातलं की वरचा हात सरळ ड्रेसिंग टेबलकडे जायचा आणि एकदा तर खोबरेल तेलाची बाटलीच आडवी झाली, झाकण उघडं, हिवाळा नव्हता त्यामुळे सगळं तेल मॅटवर. त्या मॅटवर पुढचे आठ दिवस उभं राहायची सोय नव्हती. हॉलमध्ये करावं तर नवरा पेपर पसरून बसलेला, आणि खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत असताना दुधवाल्याने बेल वाजवली की दार कोण उघडणार हा प्रश्न आमच्याकडे कायम अनुत्तरित असतो.

तर जागा पाहिजे हे ठरलं. मग मी टेप घेऊन घर मोजलं. मॅट असते ६८ इंच बाय २४ इंच, म्हणजे पावणेसहा फूट बाय दोन फूट, पण मॅटएवढी जागा पुरत नाही हे माप घेतल्यावरच कळतं. आडवं पडून हात डोक्यामागे लांब केले की सात फूट लागतात, पाय फाकवून हात पसरले की पाच फूट. एवढी सलग रिकामी फरशी आमच्या घरात कुठेच नव्हती, हे ऐकायला विचित्र वाटेल पण तुम्ही तुमच्या घरात मोजून बघा.

मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, हठयोगप्रदीपिकेत बघा काय सांगितलंय. तिथे साधकाच्या खोलीला मठिका म्हणतात. दार लहान असावं, भिंतीला भोकं किंवा जमिनीत खड्डे नसावेत, फार उंच नको फार ठेंगणी नको, शेणाने सारवलेली, किडामुंगी नसलेली. आणि धनुष्यभर अंतरात दगड, अग्नी आणि पाणी नको. धनुष्य म्हणजे चार हात, साधारण सहा फूट. मी घरी येऊन हिशेब केला. गॅसपासून सहा फूट लांब गेलं की बाथरूम येतं, बाथरूमपासून सहा फूट लांब गेलं की शेजाऱ्यांचा गॅस. फ्लॅट बांधणाऱ्याने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं एवढं नक्की.

शेवटी आमच्या मागच्या बेडरूममधला पश्चिमेचा कोपरा निघाला. तिथे दोन गोष्टी उभ्या होत्या. एक म्हणजे २०१६ साली घेतलेली व्यायामाची सायकल, जिच्यावर पहिले तीन आठवडे नवरा बसला आणि नंतरची सगळी वर्षं टॉवेल. आणि दुसरं माझ्या लग्नातलं गोदरेजचं कपाट. सायकल सोसायटीच्या ग्रुपवर फुकट म्हणून टाकली तर दहा मिनिटांत सात जणांनी मागितली, आता पहिल्या मजल्यावर तिच्यावर त्यांचे टॉवेल असतात. कपाटाचं मात्र तसं नव्हतं. ते पॅसेजमध्ये न्यायचं ठरलं, त्यासाठी आधी रिकामं करायचं, आणि रिकामं करायला बसले तर त्यात चौदा वर्षांची लाइट बिलं, बंद झालेल्या दोन पॉलिसींचे कागद, लेकीची बारशाची टोपडी, कुणाच्या तरी मुंजीत आलेले शर्टपीस, असं करत करत रविवार गेला. हे सगळं फेकायचं की नाही यावर जी काही चर्चा झाली ती इथे लिहीत नाही. दोन हमाल आले, त्यांनी खाली गोणपाट सारून, तिरकं करून, पाच मिनिटांत कपाट पॅसेजला लावलं आणि चहासुद्धा न घेता गेले.

कपाटाच्या खाली माझं एक कुडं, चार आण्याचं नाणं आणि एक वाळून कडकडीत झालेली पाल सापडली. आणि कपाटाच्या मागे भिंत. म्हणजे भिंत होती, पण गुडघ्यापर्यंत रंगाचे पोपडे, खाली पांढरा लोणा आलेला, बोट लावलं तर प्लास्टर रव्यासारखं हातात यायचं. भिंतीच्या पलीकडे आमचं बाथरूम. कपाटाने इतकी वर्षं ती ओल झाकून ठेवली होती आणि आम्ही दर पावसाळ्यात "कपड्यांना वास का येतो" म्हणून डांबरगोळ्या वाढवत होतो! ते पाणी नको म्हणणारे ग्रंथकार तेव्हा फार आठवले.

इथे माझी पहिली चूक झाली. मला घाई. पेंटरला बोलावलं, तो म्हणाला, ताई, आधी लिकेज बघा, मग भिंत महिनाभर सुकू द्या, मग पुट्टी. मी म्हंटलं एवढं कुठे थांबायचं, त्याला खरवडायला लावलं, पुट्टी आणि वर मस्तपैकी फिकट पिवळा रंग. सतरा दिवस ती भिंत छान दिसली. अठराव्या दिवशी खालच्या बाजूला फोड आले, पुरी टम्म फुगते तसे. तोपर्यंत मी भिंतीला लावून मॅट ठेवलेली, तिच्या पाठीमागे बुरशी.

मग एका प्लंबरने साधी युक्ती सांगितली ती खरंच कामाची आहे. भिंतीच्या ओल्या जागेवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतली दमट हवा. आमच्याकडे आत थेंब. मग शोध, बाथरूममधल्या नळाच्या लाइनी बंद करून बघ, मग न्हाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाला, बोळा घालून पाणी साठवून बघ, या तपासात तीन आठवडे गेले कारण प्लंबर "उद्या येतो" म्हणायचा आणि गुरुवारी पाणी बंद असलं की तो दिवस तसाच जायचा. दोष निघाला न्हाणी ट्रॅपच्या कडेला आणि टाइल्सच्या सांध्यात. ट्रॅपभोवतीची एक फरशी फोडून पुन्हा बसवली, सगळे सांधे खरवडून इपॉक्सीने भरले, ७,२०० रुपये. पाच दिवस चौघं जण एका बाथरूममध्ये, त्यात लेकीची प्रिलिम. घरात कुणीही मला योगाबद्दल काहीही विचारू नये असं वातावरण होतं.

भिंत मात्र या वेळेला पूर्ण सुकू दिली. पंखा लावून, दाराला दगड लावून, सव्वा महिना.

या काळात मी बाकीची खरेदी केली आणि त्यातही गाढवपणा केला. दुकानदार म्हणाला जाड मॅट घ्या, सहा मिलिमीटरची, गुडघ्याला मऊ. गुडघ्याला मऊ लागते हे खरं पण वृक्षासनात एका पायावर उभं राहिलं की गादीवर उभं राहिल्यासारखं डुगडुगतं. मग चार मिलिमीटरची रबरी घेतली, १,८०० रुपये, पकड एकदम झकास, आणि मी काय केलं तर धुऊन मे महिन्याच्या उन्हात गॅलरीच्या कठड्यावर दिवसभर वाळत घातली. रबराला ऊन चालत नाही. एका बाजूने ती अशी झाली की हात ठेवला की काळा भुगा. आता तिचा तेवढा भाग कापून बाथरूमबाहेर पायपुसणं केलंय, भलतं महागडं पायपुसणं.

लोड मात्र विकत घेतलं नाही, करून घेतलं. तयार बोलस्टरच्या किमती बघून मी रविवार पेठेतल्या गादीवाल्याकडे गेले, त्याला वर्तमानपत्राची गुंडाळी करून माप दाखवलं, दोन फूट लांब आणि नऊ इंच जाड. तो म्हणाला, गणपतीच्या मागे ठेवायचं का? म्हंटलं नाही, माझ्या मागे. मग त्याला उत्सुकता वाटली आणि मी दुकानातच टेकून दाखवलं, पाठीखाली लोड, छाती वर, हात बाजूला, तिथे आलेली दोन गिऱ्हाइकं बघत होती. तो म्हणाला, "मग कापूस कडक भरू, नाहीतर महिन्यात बसेल." हे त्याचं त्याला कळलं, मला सुचलं नव्हतं. कापूस इतका ठासून भरला की घरी आणताना रिक्षात मूल मांडीवर घेतल्यासारखं वजन लागत होतं. दीड वर्ष झालं, अजून तसंच ताठ आहे.

खुर्चीचंही तसंच. आमच्या पद्धतीत लोखंडी घडीची खुर्ची लागते, पण पाठीचा पत्रा काढलेली, म्हणजे उलटं बसून त्यातून पाय घालता येतात. घरातलीच एक जुनी घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. "पाठ कापून टाका" म्हणल्यावर त्याने माझ्याकडे दोनदा बघितलं. कापल्यावर धार राहते ती ग्राइंडरने घासून घ्या, खालच्या पायांना रबरी बुटं बसवून घ्या, नाहीतर मोझॅकच्या फरशीवर खुर्ची मागे सरकते आणि तुम्ही खाली. बाकी ब्लॉकऐवजी सुताराकडून लाकडी ठोकळे, पट्ट्याऐवजी नवऱ्याचा जुना सुती बेल्ट, आणि ब्लँकेटऐवजी सोलापुरी चादरी. चार चादरी नीट चौकोनी घडी करून एकावर एक ठेवल्या की सर्वांगासनात खांद्याखाली बरोब्बर उंची मिळते. घड्यांच्या कडा एका रेषेत आल्या पाहिजेत यावर मॅडमचा भयंकर कटाक्ष, एक सुरकुती दिसली तरी पुन्हा घडी घालायला लावतात.

भिंतीला दोर लावायचा मोहही झाला होता. क्लासमध्ये असतात तसे हुक. ड्रिलवाल्याला बोलावलं, त्याने पलंगाच्या बाजूच्या भिंतीत पहिलं भोक पाडलं आणि वाटीएवढं प्लास्टर खाली. ती मधली पार्टिशनची भिंत, साडेचार इंची, माणसाचं वजन तिला टांगायचं नसतं, त्याला काँक्रीटचा कॉलम किंवा बीम लागतो. हे तो पाडल्यावर म्हणाला. भोक बुजवलं, तिथे आता कॅलेंडर आहे.

आता सासूबाईंबद्दल. त्यांना पहिल्यापासून हा सगळा प्रकार म्हणजे रिकामटेकडेपणा वाटत होता. "बसायला जागा कशाला लागते? मी इतकी वर्षं देवघरासमोर पाट टाकून जप करते, मागे तुमचा कुकर शिट्या मारत असतो." याला उत्तर नाही. पण त्या रोज ज्ञानेश्वरी वाचतात, त्यामुळे एक दिवस स्वतःच येऊन सांगून गेल्या की सहाव्या अध्यायात आसन कसं घालायचं ते दिलंय, फार उंच नको फार खाली नको, खाली दर्भ, वर मृगाजिन आणि धूतवस्त्र. आणि दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून त्यांच्या माहेरची घोंगडी काढून दिली, मृगाजिनाच्या जागी. घोंगडी टोचते, घोट्याला तर फारच, पण वर चादर टाकली की मोझॅकची थंडी अजिबात वर येत नाही. आजही खाली घोंगडी, वर तीन घड्यांची चादर असंच आसन आहे, बैठक तेवढी उंच झाली की गुडघे कंबरेच्या खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ राहते.

पण शवासनाला त्यांनी हरकत घेतलीच. माझं डोकं उत्तरेच्या भिंतीकडे, पाय खिडकीकडे. खिडकी दक्षिणेला. दारातून बघून त्या किंचाळल्याच, "अगं, नावच शवासन, त्यात दक्षिणेला पाय! ऊठ आधी." समजावून बघितलं, वीसच मिनिटांचा प्रश्न आहे वगैरे. त्यांना दारात उभं राहवेना आणि मला त्या दारात उभ्या असताना पडवेना. मॅट फिरवली. आता डोकं खिडकीखाली, त्यामुळे सकाळी उजेड थेट डोळ्यावर आणि ग्रिलवर कबुतरं. उजेडासाठी मेडिकलमधून क्रेप बँडेज आणलं, डोळ्यांवरून अलगद गुंडाळायचं, क्लासमध्ये तसंच करतात, फार शांत वाटतं. कबुतरांवर उपाय नाही.

आणखी एका मावससासूबाईंनी फोनवरून ध्यान ईशान्येलाच करा असा सल्ला दिला. आमच्या ईशान्येला ड्राय बाल्कनी, तिथे वॉशिंग मशीन आणि घासायची भांडी. नमस्कार सांगून फोन ठेवला.

ध्यानाबद्दल खरं सांगायचं तर बारा मिनिटं. बँकेतले एक सहकारी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले, ते सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसतात, मला म्हणाले जागा आणि वेळ एकच ठेव म्हणजे शरीराला कळतं. वेळ मी पावणेसहाची ठेवली कारण सहाला पाणी येतं, मग कचऱ्याची गाडी, मग वरच्यांचा मिक्सर. ट्यूबलाइट काढून तिथे पिवळसर उजेडाचा नऊ वॅटचा दिवा लावला, तोही भिंतीकडे तोंड करून. फोन स्वयंपाकघरात, वेळेसाठी इडलीचा चावीवाला टायमर, तो टिकटिक करतो म्हणून उशीखाली. पूर्वेकडे तोंड केलं की पाठ त्या बाथरूमच्या भिंतीला. सुरुवातीला मी डोळे मिटून फक्त एवढंच अनुभवत होते की भिंत पाठीला ओली लागतीये का.

हे सगळं होऊन जागा तयार झाली आणि मग खरा त्रास सुरू झाला. कुणी मला आधी सांगितलंच नव्हतं की फ्लॅटमध्ये रिकामी फरशी दिसली की घरातल्या माणसांना ती बघवत नाही. पहिल्याच आठवड्यात तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड आला, "पाऊस आहे ना, दोन दिवस." मग गव्हाचं पोतं, "चाळून होईपर्यंत." लेकीने अभ्यासाला फळा टेकवून ठेवला. दिवाळीत फराळाच्या डब्यांची उतरंड, उन्हाळ्यात सासूबाईंचे बटाट्याचे पापड एका साडीवर पसरून, आणि नवऱ्याची कुरिअरची खोकी तर बारा महिने, कारण परत पाठवायचं असलं तर खोकं लागतं असं त्याचं म्हणणं. मी भांडून बघितलं. मग मॅट गुंडाळून न ठेवता पसरूनच ठेवायला लागले, तर स्टँडचे पाय मॅटवर. शेवटी लोड, खुर्ची आणि चादरी मुद्दाम मधोमध ठेवायला सुरुवात केली, रिकामी जागा रिकामी ठेवायची तर ती आधी आपणच भरून ठेवावी लागते. रोज सकाळची पहिली पाच मिनिटं दुसऱ्यांचं सामान उचलण्यात जातात. मी ती आता आसनांतच धरते.

एक मान्य करावं लागेल, दुपारी चारला सासूबाई तिथे खुर्चीवर पाय वर ठेवून पडलेल्या असतात. डोकं दक्षिणेला. विचारलं तर म्हणतात, पंख्याखाली बरं वाटतं.

आणि भिंत. यंदा जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खालच्या कोपऱ्यात पुन्हा तळहाताएवढा डाग दिसला. माझा जीवच गेला. प्लंबरला फोन केला, तो म्हणाला उद्या येतो. तोपर्यंत मी पेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली, १२ जुलै. शवासनात डोळ्यांवरचं बँडेज जरा वर करून डावीकडे मान वळवली की ती रेघ बरोबर दिसते, आणि असं बघू नये हे मला माहितीये. १९ला बघितलं, आतच. २६ला तर थोडा आत सरकलेला. आज सकाळीही रेघ ओलांडलेली नाही. फक्त रेघेच्या पुढ्यात मिक्सरचं रिकामं खोकं आहे, ते काल रात्री नव्हतं.